बरणीतलं पाणी

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. शुद्धलेखन चुकत असेल, वेलांट्या उलट्या पडत असतील, आणि अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी वाचायला घेतलं तर मीच अडखळते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. चुकून तुमच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्या.

ज्या बाईंकडे मी धुणंभांडी करत होते त्या वारल्याची बातमी कॉलनीत आली. ज्यांना ज्यांना त्यांनी टोचून बोललं होतं, तेही आता "किती विद्वान होत्या, किती शिस्तीच्या होत्या" म्हणू लागलेत. माणूस मेलं की लोक त्याला असंच धुऊन पुसून ठेवतात. मला त्या आवडत नव्हत्या. आजही आवडत नाहीत. त्या जशा होत्या तशा कुठं तरी राहाव्यात, म्हणून लिहिते.

चष्मा कपाळावर सरकवायचा, हनुवटी पुढं काढायची आणि विचारायचं, "कुठून आलीस?" ही बाईंची पद्धत. भाजीवालीला, दूधवाल्याला, टँकरच्या ड्रायव्हरला, पत्ता विचारायला थांबलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. उत्तर आलं की लगेच दुसरा प्रश्न, "कोणी बोलावलं होतं?"

मी पहिल्यांदा काम मागायला गेले तेव्हा मलाही तेच.

"कुठून आलीस?"

"बिडकीनहून."

"कोणी बोलावलं होतं?"

"कुणी नाय बाई. विहिरी आटल्या, म्हणून आलो."

"पाणी इथंही नाही."

"काम तर हाय."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "थोड्या पाण्यात भांडी घासता येतात?"

"आमच्याकडं थोड्याच पाण्यात घासतेत."

काम मिळालं. पण नाव विचारलं नाही. त्या दिवसापासून मी 'ए बिडकीन' झाले. भाजीवाली 'ए जालना', दूधवाला 'ए करमाड'. वय, मान काही नाही. साठीच्या दूधवाल्यालाही अरे-तुरे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा आवाज ऐकला की आपण पदर खोचून भांडायच्या तयारीने आत जातो. तशा त्या होत्या.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. चिकलठाण्याच्या बाजूला, जालना रोडच्या आत, जिथं आधी ज्वारी होती तिथं इमारती उठत होत्या. माझे मालक तिथंच गिलाव्याच्या कामावर होते. आमच्या गल्लीत प्यायला पाणी नसायचं, पण सिमेंटवर मारायला टँकर रोज यायचे. आमची पोरं त्या टँकरच्या गळक्या नळाखाली तांबे धरायची आणि मुकादम त्यांना हाकलायचा.

मालक आधी प्यायचे. गावाकडं लईच. शहरात आल्यावर सोडली. कशी सोडली ते त्यांनाच ठाऊक. मी नुसती शेजारी बसून होते. सोडल्यावर मुकादमाने त्यांना परांचीवर, बांबूच्या मचाणावर, चढवलं. उंचावरच्या गिलाव्याला मजुरी जास्त, पण पिणाऱ्याला परांचीवर कुणी चढवत नाही. म्हणजे मालक वर उभे दिसले की गल्लीला कळायचं, हा माणूस सुधारला. मी कामावरून येताना मुद्दाम त्या रस्त्याने यायचे आणि मान वर करून बघायचे.

बाई प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. घरात त्या एकट्या, आणि पुढच्या खोलीत कपाट भरून बरण्या. त्यांचा एक जुना विद्यार्थी समुद्राकाठी नोकरीला होता. तो बंदरातून काही तरी खरवडून, डब्यात घालून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवायचा. डबा उघडला की घरभर वास सुटायचा. बाई त्यातले जीव वेचून बरणीत भरायच्या आणि वरून स्पिरिट ओतायच्या. त्या स्पिरिटला परवाना लागायचा. एक कॅन मिळवायला बाईंना कचेरीत खेटे घालावे लागायचे आणि प्रत्येक खेट्याचा राग माझ्यावर निघायचा.

ते जीव दिसायला भिजलेल्या चिंचेसारखे. बोटाएवढे, सुरकुतलेले, चिवट कातडीचे. त्यांचं इंग्रजी नाव मला कधी धरता आलं नाही. मी त्यांना पिचकाऱ्या म्हणायचे, कारण जिवंतपणी दाबलं की ते पाणी उडवतात. अंगाला दोन तोंडं. एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. जन्मभर तेवढाच धंदा.

एकदा तो विद्यार्थी स्वतः आला आणि कॅनभर समुद्राच्या पाण्यात जिवंत पिचकाऱ्या घेऊन आला. बाईंनी एक उचलली, मला दाखवायला म्हणून दाबली, आणि तिने बाईंच्या चष्म्यावर फुर्रकन पाणी मारलं. बाई हसल्या. त्यांना हसता येतं हे मला तेव्हा कळलं. पुन्हा फारसं दिसलं नाही.

त्या दिवशी आमच्या शेजारची रुखसाना आपा मला बोलवायला आली होती. तिचा डोळा कॅनवरच. गल्लीत प्यायच्या पाण्याचा टँकर येऊन आठवडा झाला होता.

"अगे वैनी, ये इतना पानी किसका?"

"समुद्राचं हाय."

तिने बोट बुडवून चाटलं आणि थू करून फाटकाबाहेर थुंकली. "या अल्ला! दुनियाभर का पानी, और एक घोट काम का नै."

"कुठून आली ही?" बाईंनी आतून विचारलं.

"यहीं की हूं," आपा म्हणाली. "मेरे दादा के दादा यहीं गड़े हैं. तुम बोलो, तुम कायकू पूछते?"

आपाला गावाचं नाव देता येईना, म्हणून बाई तिला शेवटपर्यंत 'ती' म्हणायच्या.

बाई त्या पिचकाऱ्यांचं काय करतात, हे मी एकदा विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, कारण त्या शिकवायला लागल्या की आपण पहिल्या बाकावरचे ढ विद्यार्थी होतो.

"यांचं पिल्लू थोडाच वेळ पोहतं. मग डोकं टेकवून एका जागी चिकटतं ते कायमचं. मग परदेशातले हे आपल्या बंदरात कसे आले?"

"बोटीला चिकटून."

"बरोबर. एका बोटीतून आले की अनेक बोटींतून?"

"आता ते कसं कळावं?"

"अंगात खूण असते. पिढ्यान् पिढ्या आईबापाकडून आलेली. एक बारीक तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, ते वाचतात. सगळ्यांची खूण सारखी निघाली तर समजायचं, एकाच बोटीची पैदास. सगळे भाऊबंद." मग त्यांनी टेबलावरून हात फिरवला, पोळपाटावरचं पीठ झटकावं तसा. "भाऊबंदांचं काय असतं, एकाला जो रोग होतो तो सगळ्यांना होतो. एका झटक्यात साफ. मला तेच दाखवायचंय."

"त्यांनी तुमचं काय वाईट केलं?"

"उपरे आहेत. येतात, चिकटतात, इथल्या शिंपल्यांना जागा ठेवत नाहीत." हे बोलताना त्या खिडकीतून आमच्या गल्लीकडे बघत होत्या. पत्र्यांच्या ओळीकडे. ते पिचकाऱ्यांबद्दल होतं की आमच्याबद्दल, ते मी विचारलं नाही. दोन्हींबद्दल असणार.

एका गोष्टीत मात्र आमचं जमायचं. पाणी. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्याचं शेवटचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. काही ओतून द्यायचं म्हटलं की बाईंच्या जिवावर यायचं. कढीचं भांडं विसळलेलं पाणीही त्या एकदा थांबवून बघायच्या, याचं काही होईल का म्हणून. बरण्यांचंही तसंच. पिचकाऱ्या लोणच्याच्या फोडींसारख्या गच्च दाबून भरायच्या आणि वर बेताचं स्पिरिट. एकदा घातलं की घातलं.

मग ते झालं, ज्यासाठी मी हे सगळं सांगते आहे.

बंदरात बोटी लागतात त्या एका जुन्या धक्क्यावरच्या पिचकाऱ्या आल्या होत्या. तो धक्का लवकरच पाडायचा होता. म्हणजे तिथल्या पिचकाऱ्या पुन्हा मिळणार नव्हत्या. बाईंनी जपून ठेवल्या, तुकडे पुण्याला पाठवले. काही दिवसांनी पुण्याहून फोन आला. तुकडे सडलेत, काही वाचता येत नाही. बाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी कपाटातून एक काचेची नळी काढली. दुधात पाणी किती हे बघायला डेअरीत तरंगती नळी असते, तशीच स्पिरिटची. एका बरणीतलं स्पिरिट पेल्यात ओतलं, नळी सोडली. नळी जिथपर्यंत बुडायला हवी तिथपर्यंत बुडाली नाही, वरच राहिली. दुसरी बरणी, तेच. तिसरी, तेच.

मी तेव्हा फाटकापाशी झाडत होते. बाई बरणी हातात घेऊन बाहेर आल्या.

"स्पिरिटमध्ये पाणी आहे."

मला आधी कळलंच नाही.

"स्पिरिट काढून घ्यायचं आणि तेवढंच पाणी भरायचं. दूधवाले करतात तसं. तुझा नवरा पितो ना?"

"बाई, सोडलीय त्यांनी."

"सोडली की इथून न्यायला लागलीस?"

"पाणी भरायला पाणी हाय कुठं?" मी म्हणाले. "आठ-आठ दिवस टँकर नाय. पोरांच्या तोंडचं पाणी तुमच्या बरणीत ओतू व्हय?"

"चोर," बाई म्हणाल्या. हळू नाही. फाटकात भाजीवाली होती, कॉलनीचा वॉचमन होता. वॉचमन आमच्याच गल्लीतला.

वाया गेलेलं स्पिरिट आणि पुण्याचा खर्च भरून निघेपर्यंत अर्धा पगार कापायचा, असं त्यांनी तिथंच ठरवलं. मी आत जाऊन राहिलेली भांडी घासली. एकही आपटलं नाही. आपटलं असतं तर ते त्यांच्या रागाच्या बरोबरीचं झालं असतं, आणि मला त्यांच्या बरोबरीला जायचं नव्हतं.

"छोड दे काम," रुखसाना आपा म्हणाली. "झाडू फेक के मार उसके मूं पे."

"सोडलं तर म्हणतेल, सापडली म्हणून पळाली."

"तो फिर मत छोड़. रोज जा, और रोज उसको दिख."

मी तेच केलं. पण गल्लीत बातमी माझ्या आधी पोचली होती. माझ्यावर चोरीचा आळ आणि मालकांवर दारूचा. लोकांना चोरी लवकर विसरता येते, दारू नाही. मालक जवळून गेले की माणसं नाक उडवायची. कामावर मुकादमाने त्यांना परांचीवरून खाली घेतलं आणि माल कालवायला लावलं. "वरून पडलास तर माझ्या गळ्याला फास," एवढंच म्हणाला. मजुरी कमी झाली. पण मालकांना मजुरीचं नव्हतं. मी त्या रस्त्याने यायचे तेव्हा ते खाली वाकून फावडं ओढत असायचे आणि मला बघितलं तरी मान वर करायचे नाहीत.

एका रविवारी सकाळी त्यांनी चपला घातल्या.

"कुठं निघालाव?"

"पिऊनच येतो," ते म्हणाले. "पिऊन आळ, न पिऊन आळ. निदान खरा तरी होईल."

मी दारात उभी होते. अडवलं नाही. अडवून कुणी थांबत नाही, हे मला त्यांनीच आधी शिकवलेलं. ते गेल्यावर मी बाईंकडे गेले, कारण न जाणं म्हणजे पळणं. ओट्यावर भांडी काढली आणि घासता घासता सगळं संपलं असं मनात धरलं. पुन्हा गावाकडचे दिवस, पुन्हा पोरांनी कोपऱ्यात बसणं. बाई पुढच्या खोलीत पंख्याखाली वाचत होत्या. त्यांच्या पंख्याच्या आवाजाचासुद्धा मला राग येत होता.

फाटकाची कडी वाजली.

मालक उभे होते. आंघोळ केलेली, सदरा धुतलेला.

"बाई," ते म्हणाले, "हुंगा."

"काय?"

"माझं तोंड हुंगा. तुम्ही प्राण्यांच्या मास्तरीण हाव म्हणतेत. मग तपासा."

दुसरं कुणी असतं तर फाटक लावून घेतलं असतं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुढं गेल्या, आणि खरोखर वास घेतला. डॉक्टर छाती तपासतो तसा, डोळे मिटून.

"कांदा खाल्लास."

"व्हय."

"दारू नाही. पण आज नाही म्हणजे काल नव्हती असं नाही."

"मग रोज येतो."

"ये."

आणि ते रोज आले. कामावरून सुटले की अंगावर सिमेंट तसंच, फाटकापाशी उभे राहायचे. बाई बाहेर यायच्या, हुंगायच्या, "नाही" म्हणायच्या, "जा" म्हणायच्या. त्या वेळेला समोरच्या घरातल्या काकू झाडांना पाणी घालायला बाहेर यायच्या. झारीत पाणी नसायचं. वरच्या मजल्यावरचे लोक वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायचे. मी आत पडद्याआड उभी राहायचे आणि लाजेने माझे कान तापायचे. माझा नवरा बैलासारखा रोज दात दाखवत उभा आणि सगळी कॉलनी बघतेय. त्या दिवसांसाठी मी बाईंना कधी माफ केलेलं नाही. मालकांना विचाराल तर ते म्हणतील, मीच गेलो होतो, त्यांनी कुठं बोलावलं होतं.

एकदा त्यांना उशीर झाला. बाई डोक्यावर पदर घेऊन उतरत्या उन्हात रस्त्यापर्यंत जाऊन आल्या. दोनदा.

"आला नाही तुझा नवरा?"

"स्लॅबचं काम असंल."

"की प्याला?"

थोड्या वेळाने ते आले. बाईंनी वास घेतला आणि "नाही" म्हणाल्या. रोजच्यापेक्षा मोठ्याने. समोरच्या काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्या आवाजात काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. आणि त्यांच्या बाजूने जास्त सांगायची माझी इच्छाही नाही. कारण दुसऱ्या दिवशी मी गेल्या गेल्या त्या म्हणाल्या, "नवरा पीत नाही, हे मान्य. मग तू स्पिरिट विकलंस."

तोवर विद्यार्थ्याने पुन्हा पिचकाऱ्या पाठवल्या होत्या. धक्का पाडायच्या आधी जेवढ्या हाती लागल्या तेवढ्या. या शेवटच्या. बाईंनी मला खोलीत येऊ दिलं नाही. स्वतः बरण्या भरल्या, स्वतः नवं स्पिरिट ओतलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. आंघोळीला जातानाही ती गळ्यात. मला दाखवायला त्या ती अधूनमधून पदराबाहेर काढायच्या.

काही दिवसांनी मी त्या खोलीची फरशी पुसत होते. बाईंनी कुलूप काढलं, नळी घेतली आणि तपासायला बसल्या. मी पाठमोरी होते. मागे आवाज थांबला म्हणून वळून बघितलं. नळी पेल्यात पुन्हा वरच तरंगत होती. बाईंनी दुसरी बरणी तपासली. मग गळ्यातली किल्ली हातात धरून बघितली, जशी काही तीच फितूर झाली होती. मग त्यांनी बरणीतली एक पिचकारी काढली, रिकाम्या पेल्यावर धरली आणि पिळली. लिंबू पिळावं तसं पाणी आलं. दुसरी पिळली. तिसरी.

त्या खुर्चीत बसल्या. "चोर आत आहे," म्हणाल्या. मला नाही, पेल्याला.

मग विद्यार्थ्याला फोन लावला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा असायचा. मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, यांच्या अंगात पाणीच जास्त असतं. ते बाहेर येतं आणि स्पिरिट पातळ होतं. म्हणून पहिलं स्पिरिट एका दिवसात ओतून द्यायचं आणि नवं घालायचं. गच्चही भरायचं नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंस," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, चांगलं स्पिरिट कशाला ओतून द्यायचं."

"आता लगेच बदला. वाचतील."

फोन ठेवल्यावर त्या उठल्या आणि माझ्यासमोर एकेका बरणीतलं स्पिरिट मोरीत ओतलं. त्यांचा हात आखडत होता. मी फरशीचं फडकं हातात धरून उभी होते. मला वाटत होतं, एक तरी बरणी घेऊन भिंतीवर फोडावी.

"आता बोला," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

"काय बोलू?"

"जे फाटकात बोललाव, ते मागं घ्या. फाटकातच."

बाईंनी नवं स्पिरिट घातलं, झाकणं लावली, हात धुतले, ते पाणी बादलीत धरलं. मग चपला घालून बाहेर पडल्या. फाटकात थांबल्या नाहीत. भर उन्हात सरळ बांधकामाकडे गेल्या. मी मागे.

"मुकादम कोण?"

"मी."

"कुठून आलास?"

"लातूरकडून. का बरं?"

"ए लातूर, याला वर चढव. हा पीत नाही. मी रोज तपासला आहे."

मुकादम हसला. "बाई, तुम्ही डॉक्टर हाव का?"

"आहे. प्राणिशास्त्राची."

सगळे मजूर हसायला लागले. मालक फावडं धरून तसेच उभे. बाईंनी हसणं संपेपर्यंत वाट बघितली. वर्गात पोरांनी दंगा केला की बघत असतील तशी.

"आणि याच्या बायकोने चोरी केली नाही. पाणी त्या जनावरांच्या अंगातलं होतं. मला ते कळलं नाही. चूक माझी."

हे त्या मला म्हणाल्या नाहीत. मुकादमाला म्हणाल्या. मी त्यांच्यामागे हातभर अंतरावर उभी होते.

दुसऱ्या दिवशी मालक परांचीवर होते. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर पाय पुन्हा बाईंच्या फाटकाकडे वळले. बाई बाहेर आल्या.

"आता कशाला?"

"सवय झाली."

बाईंनी वास घेतला. "नाही. जा."

पुढं काही दिवस हे चाललं. मग बंद झालं. कसं बंद झालं ते दोघांनाही आठवत नसेल.

कापलेला पगार मात्र लगेच मिळाला नाही. तो पुन्हा घेतलेल्या स्पिरिटमध्ये आणि पुण्याला गेला होता. बाई दर महिन्याच्या पगारावर थोडे थोडे जास्त ठेवू लागल्या. देताना म्हणायच्या, "हे मागचे." त्यापलीकडे शब्द नाही. आणि बोलणं होतं तसंच. "ए बिडकीन, पाणी काय फुकट येतं?"

पुण्याचा निकाल आला तेव्हा बाई दिवसभर खवळलेल्या होत्या. मी चहा ठेवला तर म्हणाल्या, "घे, बघ. सगळे वेगळे."

"कोण?"

"तुझ्या पिचकाऱ्या. एका बोटीच्या नाहीत. एकाच धक्क्यावर शेजारी शेजारी चिकटलेल्या, आणि एकीचं मूळ एका देशात, दुसरीचं दुसऱ्याच. बोटी येतच राहिल्या, हे उतरतच राहिले. आता एवढी मिसळ झाली आहे की एक रोग आला तर चार मरतील आणि बाकीचे टिकतील."

"म्हणजे आता हे जायचे नाहीत?"

"नाहीत."

मला आतून लई बरं वाटलं. तोंडावर दाखवलं नाही. पण तेवढ्या बळावर मी विचारून घेतलं, "बाई, तुम्ही कुठून आलाव?"

त्यांनी चष्मा वर केला. "अजिंठ्याहून."

"कुणी बोलावलं होतं?"

"कोणी नाही. शिकायचं होतं."

"मग मी 'ए अजिंठा' म्हणू का?"

"म्हणून तर बघ," बाई म्हणाल्या, आणि कप पुढं सरकवला. "साखर कमी आहे."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घर एका बिल्डरला विकलं. समुद्राकाठी, विद्यार्थ्याच्या गावाजवळ खोली घेतली होती. मी म्हणाले, तिथलं पाणी पिण्याजोगं नाय. त्या म्हणाल्या, निदान दिसेल तरी.

जायच्या दिवशी गाडी फाटकाशी उभी होती. बरण्या आधीच गेल्या होत्या. समोरच्या काकू, वॉचमन, भाजीवाली, सगळे निरोप द्यायला जमले होते. रुखसाना आपाही आली होती, निरोपाला नाही, बघायला. बाईंनी पिशवीतून नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

"हे मागचे. शेवटचे. मोजून घे."

"घरी मोजते."

"इथं मोज."

मग मी मोजल्या. जिथं त्यांनी मला चोर म्हटलं होतं तिथंच उभी राहून, सगळ्यांदेखत, मोठ्याने. मुद्दाम सावकाश. एक नोट दुसरीला चिकटली होती, ती सोडवली आणि ती पुन्हा मोजली. ऊन कडक होतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्याने हात काढला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तरी त्या हलल्या नाहीत, मला घाई कर म्हणाल्या नाहीत, दुसरीकडे बघितलं नाही.

"बरोबर हायेत," मी म्हणाले. "सगळे आले."

"सगळे आले," बाई त्या सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.